मावशींच्या पेनड्राइव्हमधल्या ‘डॅट’ फायली

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात कुणालाच कामाची घाई नसते. दुकानात एक मुलगा शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स काढत होता, बाकी शुकशुकाट. तेवढ्यात वरच्या आळीतल्या मावशी आल्या. पदराची गाठ सोडली, त्यात रुमाल, रुमालात पेनड्राइव्ह.

“पोरी, याच्यात त्याईचं भजन हाये म्हणते. तालुक्याच्या दुकानात दाखोलं त तो म्हणे व्हायरस हाये, सारं पुसा लागते. मी म्हणलं, नाही वो माय, पुसू नको. घेऊन आली वापस.”

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवते. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, तिकिटं हे रोजचं काम. न उघडणारी फाइल घेऊनही महिन्यातून चार-पाच जण येतातच, आणि त्यातल्या निम्म्यांना आधी कुणीतरी ‘व्हायरस आहे’ म्हणून सांगितलेलं असतं. मावशींनी ‘पुसू नको’ म्हटलं हे किती बरं झालं, ते पुढे कळलं.

मावशींचे यजमान गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख होते. खंजिरी अशी वाजवायचे की दरवर्षी राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला मोझरीला जीप निघाली की त्यांना पुढची जागा ठरलेली. गेल्या वर्षी ते गेले. आता वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि मावशींच्या मनात होतं की त्या दिवशी घरात त्यांचं भजन लागावं. मूळ सीडी कुठे आहे विचारलं, तर म्हणाल्या, “पोरानं वाडीत टांगली, पाखराईसाठी.” मी संध्याकाळी मुद्दाम त्यांच्या वाडीत जाऊन पाहिली. वांग्यांच्या ओळीवर सुतळीला लटकत होती. वरचा चंदेरी थर उन्हापावसाने पापुद्र्यासारखा उडाला होता, आरपार आभाळ दिसत होतं. तो थर गेला की सीडी वाचताच येत नाही. म्हणजे आता जे काही होतं ते पेनड्राइव्हमध्येच.

म्हणून पहिलं काम केलं ते नकलेचं. काही उघडायच्या आधी अख्खा पेनड्राइव्ह माझ्या संगणकावर एका फोल्डरमध्ये उतरवला, त्या फोल्डरची आणखी एक प्रत काढली, आणि पेनड्राइव्ह पुन्हा रुमालात बांधून मावशींना दिला. हे मी सवयीने करत नाही, धडा मिळाल्यामुळे करते. सहा वर्षांपूर्वी एका सरांनी अशीच एक फाइल आणली होती. मी ती नोटपॅडमध्ये उघडली, चित्रविचित्र चिन्हं दिसली, आणि बंद करताना हात सवयीने सेव्हवर गेला. नोटपॅड प्रत्येक बाइट अक्षर समजून वाचतं, आणि सेव्ह करताना त्याला न समजलेलं बदलून टाकतं. ती फाइल परत कधीच उघडली नाही, आणि दुसरी प्रत नव्हती. सर मला एक शब्द बोलले नाहीत. तो दिवस मी विसरलेली नाही.

पेनड्राइव्हमध्ये वरवर पाहता दोनच फायली होत्या. एकीचं नाव एव्हीसेक01, दुसरीचं विनमेल. दोन्हींचं चिन्ह नोटपॅडचं. कुणीतरी आधी डबल-क्लिक केलं असणार, विंडोजने ‘कशाने उघडू’ विचारलं असणार, त्याने नोटपॅड निवडून ‘नेहमी हेच वापरा’वर खूण केली असणार, असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं की ही खूण पेनड्राइव्हवर नसते, संगणकावर असते. म्हणजे हे माझ्याच दुकानातल्या यंत्रावर कधीतरी झालं होतं. चिन्हावरून फाइल ओळखू नये, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला देता येणार नाही.

विंडोज ओळखीच्या फायलींची शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शन, मुळातच लपवून ठेवते. ती आधी दिसायला लावली. हे प्रत्येकाने करावं असं मी कळकळीने सांगते, कारण आमच्याकडे पेनड्राइव्हमधून फिरणारे अर्धे व्हायरस याच लपवाछपवीवर जगतात. फोल्डरचं चित्र, फोल्डरचंच नाव, आणि मागे न दिसणारं ‘.ईएक्सई’, म्हणजे क्लिक केलं की चालू होणारा प्रोग्रॅम. शेपटी दिसली तर माणूस क्लिक करायच्या आधी थांबतो. सोबत लपवलेल्या सिस्टिम फायलीही दाखवायला लावल्या, आणि तेव्हा तिसरी वस्तू समोर आली: ‘फाउंड.000’ नावाचा फिकट फोल्डर. त्यात फाइल0000 ते फाइल0005, अशा सहा फायली, सगळ्यांची शेपटी ‘.सीएचके’.

आधीच्या दोघींची शेपटी ‘.डॅट’.

आता अडचण अशी की ‘डॅट’ म्हणजे फक्त डेटा. माहिती. ही शेपटी कुणा एकाच्या मालकीची नाही. कुठलाही प्रोग्रॅम आपल्या नोंदी या नावाने ठेवू शकतो. विंडोज स्वतः प्रत्येक वापरकर्त्याच्या सेटिंग एनटीयूझर.डॅट या फायलीत ठेवते. जुन्या व्हिडिओ सीडीतला सिनेमाही डॅटच असायचा. ‘पीडीएफ’ पाहिलं की कशाने उघडायचं ते ठरलेलं असतं, तसं इथे नाही. डॅट उघडायला कुठलं सॉफ्टवेअर, असं इंटरनेटवर शोधलं की ‘कुठलीही डॅट फाइल उघडा’ असं लिहिलेली मोठमोठी हिरवी बटणं समोर येतात. ती दाबू नका. असं एकच सॉफ्टवेअर असूच शकत नाही, आणि त्या बटणामागे जे उतरतं त्याने संगणकाची वाट लागते. तसंच, लोकांच्या फायली अनोळखी साइटवर चढवून ‘बदलून’ घेणंही मी करत नाही. माझ्याकडे लोक आधार, बँक पासबुक, जमिनीचे कागद विश्वासाने ठेवून जातात. त्याच टेबलावर ही सवय लागली की एक दिवस नको ती फाइल वर जाणार.

शेपटी हे डब्यावर चिकटवलेलं नाव आहे. हळदीच्या डब्यावर तिखट लिहिलं म्हणून हळद तिखट होत नाही. झाकण उघडून पाहायचं, एवढंच काम. फायलीचं झाकण म्हणजे तिचे पहिले काही बाइट. बहुतेक प्रकारच्या फायली सुरुवातीलाच आपली ठरलेली खूण लिहितात, आणि ती खूण नाव बदललं तरी बदलत नाही. पाहण्यासाठी मी एचएक्सडी नावाचं फुकट मिळणारं हेक्स एडिटर वापरते. डावीकडे प्रत्येक बाइट दोन अंकी खुणेत, उजवीकडे त्याचं अक्षर. लिनक्स वापरणाऱ्यांना तर ‘फाइल’ नावाची आज्ञाच असते, ती हे सगळं स्वतः वाचून एका ओळीत उत्तर देते. मला मात्र डोळ्यांनी पाहायला आवडतं.

एव्हीसेक01 उघडली. पहिले चार बाइट: 52 49 46 46. उजवीकडे अक्षरं, आर-आय-एफ-एफ. इथे घाई केली असती तर फसले असते, कारण वेव्ह आवाजाची फाइलही रिफनेच सुरू होते आणि एव्हीआय व्हिडिओही. रिफ ही बाहेरची पिशवी आहे; आत काय ते नवव्या ते बाराव्या बाइटमध्ये लिहिलेलं असतं. तिथे 43 44 58 41, म्हणजे सी-डी-एक्स-ए. माझ्या तोंडून “व्हीसीडी!” असं मोठ्याने निघालं, झेरॉक्सवाल्या मुलाने मान वर केली.

व्हीसीडीच्या, म्हणजे व्हिडिओ सीडीच्या, काळात ज्यांच्याकडे लग्नाची सीडी आली त्यांना एमपेगएव्ही नावाचा फोल्डर आणि त्यातली एव्हीसेक01.डॅट आठवत असेल. 1993 साली ठरलेला हा प्रकार. आत एमपेग-1 चित्रफीत असते, आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही पद्धतीत 352 बाय 288 ठिपक्यांची, सेकंदाला 25 चित्रं. विंडोजमध्ये सीडीवरून ही फाइल उतरवली की ती सीडीच्या कच्च्या तुकड्यांसकट येते. एक तुकडा 2,352 बाइटचा, सेकंदाला 75 तुकडे, आणि सगळ्यांच्या पुढे 44 बाइटचं एक शीर्षक.

हे माहीत असलं की फाइल पूर्ण उतरली की मध्येच तुटली तेही कॅल्क्युलेटरवर तपासता येतं. प्रॉपर्टीजमध्ये आकार होता 40,32,08,108 बाइट. त्यातून 44 वजा केले, 2,352 ने भागलं. उत्तर आलं 1,71,432, बाकी शून्य. बाकी शून्य आली याचा अर्थ शेवटचा तुकडा अर्धवट नव्हता. त्याला 75 ने भागलं, सेकंद मिळाले, सेकंदांची मिनिटं केली: अडतीस मिनिटं आणि वर पाच-सहा सेकंद. चित्र अजून पाहिलंच नव्हतं, पण मावशींना मी सांगितलं, “मावशी, अडतीस मिनिटांचं भजन आहे. पूर्ण आहे.” त्या माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या.

पुढचं सोपं होतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ओपन फाइल’ने दिली आणि लागली. कुणीतरी याआधी नाव बदलून ‘.एमपी3’ करून पाहिलं होतं म्हणे, आणि वाजलं नाही म्हणून परत डॅट केलं. नाव बदलून आतला माल बदलत नाही. व्हीएलसी चालते कारण ती शेपटीवर न थांबता आत डोकावते. चित्र धूसर, रंग फिके, पण मंडप ओळखू येत होता. टोप्या, खंजिऱ्या, मागे बायकांची रांग. मावशी खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आल्या आणि बोटाने दाखवत गेल्या: हा अमका, हा तमका, हे दोघं आता नाहीत. आपल्या माणसावर बोट आलं तेव्हा काही बोलल्या नाहीत. मी आवाज वाढवला.

व्हीएलसीच्याच ‘कन्व्हर्ट/सेव्ह’मधून त्याची एमपी4 प्रत केली, म्हणजे नातवाच्या मोबाइलवर चालेल. मूळ डॅट तशीच ठेवली. दर बदलात चित्राचं थोडं नुकसान होतंच. उद्या कुणाला यापेक्षा चांगली प्रत काढायची असेल तर मूळ हवी.

विनमेल.डॅट फक्त 80-90 केबीची होती. नावावरूनच संशय आला होता, आतली खूण पाहिल्यावर खात्री झाली: 78, 9एफ, 3ई, 22. आउटलुकमधून रिच टेक्स्ट पद्धतीने मेल पाठवला आणि घेणाऱ्याकडे आउटलुक नसलं, की जोडलेली फाइल टीएनईएफ नावाच्या गाठोड्यात बांधून येते आणि त्या गाठोड्याला विनमेल.डॅट असं नाव पडतं. पाठवणाऱ्याला वाटतं आपण कागद पाठवला; घेणाऱ्याला हे मिळतं. मावशींनी सांगितलं की पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने ऑफिसातून काहीतरी पाठवलं होतं, मंडळाची भजनं आर्वीत टाइप करून घेतली होती ती. विनमेल ओपनर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने गाठोडं सोडलं. आत एक डॉक फाइल निघाली.

आणि ती उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. आता हे मात्र मी ओळखते, आमच्या भागात रोज दिसतं. एका ओळीच्या सुरुवातीला मोठा एच, मग के, टी, यू. कृतीदेव फॉन्टमध्ये एच आणि के मिळून ‘भ’, टी म्हणजे ‘ज’, यू म्हणजे ‘न’. भजन. फाइल ठणठणीत होती, नवीन संगणकावर फक्त तो फॉन्ट नव्हता. टाकला, आणि पानभर मराठी उभी राहिली. नंतर सगळं युनिकोडमध्ये बदलून घेतलं, रफार आणि जोडाक्षरं कुठे कुठे तुटली ती दोन रात्री बसून हाताने नीट केली. मंडळातल्या नव्या मुलांना त्यांच्या मोबाइलवर ती आता वाचता येतात.

राहिल्या सीएचके. या फायली कुणी बनवत नाही. पेनड्राइव्ह काम चालू असताना ओढून काढला, मग संगणकाने ‘दुरुस्त करू का’ विचारलं आणि आपण हो म्हटलं, की चेकडिस्कला, म्हणजे विंडोजच्या दुरुस्ती करणाऱ्या प्रोग्रॅमला, जे तुकडे सापडतात आणि ज्यांचं नाव-गाव लागत नाही ते फाउंड.000 मध्ये सीएचके म्हणून टाकले जातात. पत्ता फाटलेल्या पाकिटांसारखे. डॅटवर निदान कुणीतरी जाणून नाव लिहिलेलं असतं. इथे तेही नाही. सहाही एकेक करून एचएक्सडीत उघडल्या.

पहिल्या दोन एफएफ, डी8, एफएफ ने सुरू होत होत्या. जेपेग फोटो. शेपटी बदलून ‘.जेपीजी’ केली, उघडले. एक बैलजोडीचा, एक अर्धाच, खाली राखाडी पट्टा. तिसरीत पी आणि के ही अक्षरं. झिप हा प्रकार काढणाऱ्या फिल काट्झच्या नावाची ही आद्याक्षरं, पण आज डॉकएक्स, एक्सएलएसएक्स, अँड्रॉइडचं अ‍ॅप, सगळेच आतून झिप असतात. म्हणून पुढे शोधलं, ‘वर्ड’ नावाचा आतला फोल्डर दिसला, डॉकएक्स ठरवलं. कुणाच्या तरी अर्जाचा मसुदा निघाला, मावशींना त्याची ओळख पटली नाही. चौथीत पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्य. तिथे वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाचवीत पाचव्या बाइटपासून एफटीवायपी, म्हणजे मोबाइलचा व्हिडिओ. पण व्हिडिओत कुठलं चित्र कुठे आहे याची जी यादी असते, मूव नावाची, ती शोधून सापडली नाही. ती बहुधा फायलीच्या शेवटी लिहिली जाते आणि शेवटच तुटला होता. त्याच फोनवरचा दुसरा चांगला व्हिडिओ असता तर त्यावरून यादी पुन्हा बांधायचा प्रयत्न करता आला असता. तो फोन केव्हाच भंगारात गेला होता. मी दोन तास घालवले, जमलं नाही. ती फाइल अजून माझ्याकडे जपून ठेवली आहे.

सहावी, फाइल0005. 23 21 41 4डी 52. उजवीकडे हॅश, उद्गारचिन्ह, ए-एम-आर. साध्या बटणांच्या फोनमधलं आवाजाचं रेकॉर्डिंग. आकार 98,304 बाइट. एएमआरची चांगल्यातली चांगली प्रत सेकंदाला सुमारे 1,600 बाइट घेते, म्हणजे मिनिटभर. चेकडिस्क तुकडे पूर्ण ठोकळ्यांत उचलते, त्यामुळे शेवटी थोडा कचरा असणार हे धरून चालले.

मावशी तेव्हा दुकानात नव्हत्या. तिसऱ्या दिवशी आल्या तोवर मी ती वाजवून पाहिली नव्हती. नाव बदलून तयार ठेवली होती, पण कुणाच्या घरातला आवाज आहे माहीत नसताना आपण आधी ऐकावा हे मला बरोबर वाटलं नाही. मावशी बसल्या, मी लावली.

आधी खरखर. मागे कोंबडा. मग जवळून, फोन तोंडाशी धरल्यासारखा, “चालू झालं का रे हे? हां. आयका जी, जीप सकायी सहाले निंगते. कोनी उशीर नाही कराचा. आन खंजिऱ्या उन्हात ठेवजा थोड्या, चामडं ढिल्लं पडलं हाये, वाजत नाही...” मग कुणाशी तरी बोलणं, हसू, आणि पुन्हा खरखर.

भजनात त्यांचा आवाज बाकीच्यांत मिसळलेला होता. इथे ते एकटे बोलत होते. मावशींनी तीनदा लावायला सांगितलं. चौथ्यांदा मी न विचारता लावली.

मोबाइलवर वाजावी म्हणून एमपी3 प्रत केली आणि नाव टाकायला बसले. फाइल0005 म्हटलं तर घरात कुणाला कळणार नाही. “काय नाव लिहू, मावशी? काकाजींचं लिहू?”

“मी त्याईचं नाव कधी घेतलं नाही बाई,” त्या म्हणाल्या. थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं. “खंजिऱ्या लिही.”

लिहिलं. शेजारी मूळची फाइल0005.सीएचके तशीच ठेवली, आणि दोन्ही पेनड्राइव्हवर उतरवून तो रुमालात बांधून दिला.